तीन मिनिटांचा तास आणि कुलूपबंद खोली

फेब्रुवारी २०१८ मध्ये घाना या पश्चिम आफ्रिकेतील देशातल्या एका शिक्षकाची छायाचित्रे जगभर पाहिली गेली. सेक्येडोमासे या गावातल्या शाळेत रिचर्ड अप्पिया अकोटो हे शिक्षक मुलांना संगणक शिकवत होते. पण शाळेत २०११ पासून एकही संगणक नव्हता. परीक्षेत मात्र या विषयाचा पेपर होताच. म्हणून त्यांनी रंगीत खडूंनी फळ्यावर 'वर्ड' या आज्ञावलीची सबंध खिडकी काढली होती. वरची पट्टी, छोटी छोटी चित्रे, समासाच्या खुणा, सगळे अगदी जिथल्या तिथे. मुले ते वहीत उतरवून घेत होती. ही छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर त्या शाळेला संगणक भेट मिळाले.

ही हकीगत शिक्षकांच्या बैठकीत सांगितली की सगळे हळहळतात. मग मी विचारतो, "आपल्या शाळेत संगणक आहेत ना? मग आपल्या मुलांच्या वहीत काय असते?" थोडा वेळ कोणी बोलत नाही. कारण आपल्या मुलांच्या वहीतही संगणकाच्या पिढ्या, सीपीयूची आकृती आणि 'संगणकाचे उपयोग पाच ओळींत लिहा' हेच असते. फरक इतकाच, की आपल्याकडे पलीकडच्या खोलीत संगणक झाकण घालून ठेवलेले असतात.

या लेखात अशा एका शाळेच्या निमित्ताने, पैसा फार नसताना संगणक शिक्षणात सुधारणा कशी आखता येईल, ते पाहू. शाळा तालुक्याच्या गावापासून थोडी आत आहे. आठवी आणि नववीच्या प्रत्येकी दोन तुकड्या, एका तुकडीत ५४ मुले. संगणक दहा, त्यांपैकी चालू सहा. संगणकाचा स्वतंत्र शिक्षक नाही. पूर्वी पाच वर्षांच्या कराराने एक निदेशक येत असे. करार संपला, तो गेला आणि खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात गेली. ही स्थिती काही एकट्या त्या शाळेची नाही. देशातील शाळांची सरकारी माहिती गोळा करणाऱ्या 'यूडायस प्लस'च्या २०२३-२४ च्या अहवालानुसार संगणकाची सोय असलेल्या शाळा सुमारे ५७ टक्केच होत्या. ज्या शाळा या ५७ टक्क्यांत मोडतात, त्यांच्या खोलीत प्रत्यक्ष काय चालते हे त्या आकड्यातून कळत नाही. ते पाहायला खोलीतच जावे लागते.

पहिले काम : वेळ मोजणे

सुधारणा म्हटली की आपण प्रथम मागणीपत्र लिहायला बसतो. नवे संगणक दहा, प्रक्षेपक एक, वातानुकूलन यंत्र एक. ते जरा बाजूला ठेवू आणि हातात घड्याळ घेऊ.

आमच्या शाळेत दर तुकडीला आठवड्याला संगणकाची एक तासिका होती, ३५ मिनिटांची. मुले वर्गातून निघणार, चपला काढणार, जागेसाठी थोडी भांडणार, संगणक सुरू होणार. मी तीन वेळा मोजले. यात सरासरी आठ मिनिटे जातात. उरली २७. मुले ५४ आणि संगणक सहा, म्हणजे एका संगणकाभोवती नऊ जण. प्रत्येकाच्या वाट्याला २७ भागिले ९, म्हणजे तीन मिनिटे आली. सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन आणि वीज नसलेले दिवस वजा केले तर वर्षात असे २५ आठवडे मिळतात. म्हणजे वर्षभरात एका मुलाचा हात कळफलकावर पडणार ७५ मिनिटे. तेसुद्धा आठ जणांच्या धक्काबुक्कीत, आणि वाटणी अगदी न्यायाने झाली तर!

७५ मिनिटांत सायकलसुद्धा धड येत नाही.

आता हा आकडा कशाने वाढेल? पहिला उपाय म्हणजे दोन तासिका जोडून पंधरवड्याला ७० मिनिटांची एक तासिका करणे. जाण्यायेण्यातली आठ मिनिटे एकदाच जातील आणि ६२ उरतील. वर्षात अशा बारा जोडतासिका होतील. दुसरा उपाय म्हणजे बंद पडलेल्या चार संगणकांपैकी तीन दुरुस्त करणे. मग नऊ संगणकांवर ५४ मुले, म्हणजे सहा जणांत एक. ६२ भागिले ६, म्हणजे जवळजवळ दहा मिनिटे. बारा वेळा दहा म्हणजे १२० मिनिटे. ७५ चे १२० झाले, हे चांगलेच आहे. पण अजून दोनच तास.

येथे एक जण सुचवतात, की तुकडीचे दोन भाग करा, एक भाग प्रयोगशाळेत आणि एक वर्गात. सूचना योग्य आहे, पण तिच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवू नये. अर्धी मुले आणली तर दर मुलाला २० मिनिटे मिळतात, पण त्याची पाळी निम्म्या वेळाच येते. बेरीज तीच. फायदा निराळा आहे. सहा जणांच्या घोळक्यात मागच्या तिघांना पडदाही दिसत नाही. तिघांच्या गटात मात्र न चालवणारे दोघेही बघतात, सुचवतात, चूक दाखवतात. मशीनचा वेळ वाढत नाही, वाट पाहण्याचा वेळ कामी येतो.

खरा वेळ कुठे आहे, ते वेळापत्रक पाहिल्यावर कळते. शाळेच्या आठवड्यात ४५ तासिका होत्या. चार तुकड्यांच्या मिळून संगणकाच्या तासिका चार. म्हणजे उरलेल्या ४१ तासिका ती खोली बंदच होती! आपण समजत होतो की टंचाई संगणकांची आहे. टंचाई होती ती कुलूप उघडून तिथे बसणाऱ्या माणसाची.

म्हणून तिसरा उपाय. शाळा भरण्यापूर्वी एक तास, आठवड्यातून चार दिवस, खोली उघडी ठेवायची. नऊ संगणक, प्रत्येकावर दोघे, म्हणजे एका वेळी १८ मुले. चार तुकड्यांची मुले २१६. सगळ्यांची एकेक पाळी व्हायला बारा दिवस, म्हणजे तीन आठवडे लागतात. २५ आठवड्यांत प्रत्येक जोडीच्या आठ पाळ्या होतील. आठ तास दोघांत वाटले तर प्रत्येकाला चार तास, म्हणजे २४० मिनिटे. तासिकांतली १२० त्यात मिळवली की ३६०. पंचाहत्तराच्या जवळजवळ पाचपट, आणि नवा संगणक एकही घेतलेला नाही.

हे गणित आपापल्या शाळेचे आकडे घालून नववीच्या मुलांकडूनच करून घ्यावे. आपला वेळ किती आहे हे मुलांना कळले की सुरुवातीची आठ मिनिटे आपोआप पाचवर येतात, असा माझा अनुभव आहे.

बंद संगणकात काय बिघडलेले असते?

संगणक बंद पडला की आपण त्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावतो आणि जडसंग्रह नोंदवहीच्या भीतीने त्याला कोणी हात लावत नाही. पण जुन्या संगणकांचे पुष्कळसे आजार किरकोळ असतात.

आमच्या चारपैकी पहिला संगणक सुरू होताना दरवेळी थांबून एफ-१ कळ दाबायला सांगत होता, आणि तारीख अनेक वर्षांपूर्वीची दाखवत होता. संगणक बंद असतानाही त्याच्यातले घड्याळ चालू राहावे म्हणून मुख्य पट्टीवर नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा एक सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. तो काही वर्षांनी संपतो, एवढाच तो आजार. दुसरा संगणक सुरू केला की नुसता 'बीप बीप' करी आणि पडदा काळा राही. स्मृतिपट्टी, म्हणजे रॅम, खाचेतून काढून तिच्या सोनेरी टोकांवर साधे पेन्सिलीचे खोडरबर फिरवले आणि परत घट्ट बसवली. संगणक चालू झाला. खोलीतली धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांमुळे टोकांवर पातळ थर बसतो आणि विजेचा संपर्क तुटतो. तिसऱ्याची हार्ड डिस्क खरोखरच गेली होती. तिच्या जागी चौथ्याची बसवली, कारण चौथ्याची मुख्य पट्टीच जळली होती. मग चौथ्याचे काय केले? तो उघडून टेबलावर मांडला. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडकाचे जे स्थान असे, ते आता त्याला आहे. सीपीयू म्हणजे तो अख्खा डबा नव्हे, पंख्याखालची ती चौकोनी चकती, हे मुलांनी प्रथमच पाहिले.

एक भाग मात्र मुलांनी उघडायचा नाही, तो म्हणजे वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा. आपल्या घरी २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. त्याचे शिखरमूल्य २३० गुणिले १.४१, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. त्या डब्यातले मोठे धारित्र जवळजवळ तेवढ्या दाबापर्यंत भारित होते, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसे राहू शकते.

आता एक गोष्ट सांगतो, जी बहुतेक शाळांत घडते आणि जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. अनवाणी मुलगा संगणकाच्या पत्र्याला हात लावतो आणि म्हणतो, "सर, झिणझिण्या येतात." आपण म्हणतो, "हात लावू नकोस." झिणझिण्या का येतात? वीजपुरवठ्याच्या डब्यात विद्युत गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान धारित्रे बसवलेली असतात. एक फेज तार आणि पत्रा यांच्यामध्ये, दुसरे न्यूट्रल तार आणि पत्रा यांच्यामध्ये. पत्रा भूतारेने, म्हणजे अर्थिंगने, जमिनीला जोडलेला असेल तर त्यातून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत निघून जातो. पण अर्थिंगच नसेल तर दोन सारख्या धारित्रांच्या मधला बिंदू २३० च्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. सुदैवाने ही धारित्रे इतकी लहान असतात, की त्यांतून एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह वाहतो. म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्या झिणझिण्या आपल्याला सांगत असतात, की या खोलीला अर्थिंग नाही. उद्या आत एखादी तार सुटून पत्र्याला टेकली तर तिला वाटेत अडवणारे काही नाही. तेव्हा सुधारणेच्या यादीत पहिला खर्च परवानाधारक तंत्र्याकडून अर्थिंग तपासून, नसल्यास नवे करून घेण्याचा असावा. तिपिनी प्लगाची जाड पिन कापून तो द्विपिनी खोबणीत बसवण्याची आपल्याकडची हुशारी तर ताबडतोब थांबवावी. धारित्रांचा हा प्रश्न दहावीच्या हुशार मुलांना घालून पाहा. पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा त्यांना तो अधिक आवडतो.

विजेचे आणखी एक. मध्यम आकाराचा जुना संगणक आणि त्याचा सपाट पडदा मिळून साधारण १०० वॅट वीज घेतात असे धरू. नऊ संगणकांचे ९०० वॅट झाले. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास ऊर्जा असते. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी पूर्ण रिकामी करता येत नाही हे धरले, तर तासाभराचे काम होते. तेव्हा भारनियमनाच्या गावात बॅटरीवर सगळे संगणक न चालवता तीनच चालवावेत, तीन तास. २०१२ साली ब्रिटनमध्ये विक्रीला आलेल्या रास्पबेरी पाय या हाताच्या पंजाएवढ्या संगणकाला मात्र पाचेक वॅट पुरतात. पुढेमागे नवे काही घ्यायचेच झाले तर अशा शाळेने आधी त्याचा विचार करावा.

आज्ञावल्यांचा प्रश्न अलीकडे थोडा निकडीचा झाला आहे. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुढची विंडोज ११ जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नाही. म्हणून चांगले चालणारे संगणक भंगारात काढायचे का? मुळीच नाही. लिनक्सवर आधारलेल्या हलक्या मुक्त प्रणाली अशा यंत्रांवर बऱ्या चालतात, त्यांना परवान्याचा खर्च नाही, आणि लिब्रेऑफिससारखी लेखनाची व कोष्टकांची आज्ञावली मराठी तोंडवळ्यासह मिळते. इंटरनेट नसेल तर किविक्स या आज्ञावलीने मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून घेऊन जोडणीशिवाय वाचता येतो.

संगणकाशिवाय संगणक

आता त्या अर्ध्या तुकडीकडे वळू, जी प्रयोगशाळेबाहेर राहिली आहे. तिने काय करायचे? न्यूझीलंडमधील टिम बेल व इयन विटन आणि माइक फेलोज यांनी १९९० च्या दशकात संगणकशास्त्रातल्या कल्पना खडू, पत्ते आणि दोऱ्या घेऊन शिकवण्याचे खेळ एकत्र केले. संगणक न लावता संगणकशास्त्र, असे त्याचे नावच आहे. त्यांतला एक खेळ येथे सविस्तर देतो. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम.

पत्रिकांचे ३६ सारखे चौकोन कापा. एक बाजू काळी रंगवा, दुसरी पांढरी ठेवा. एका मुलीला २५ चौकोन देऊन पाच ओळी आणि पाच स्तंभांत मनाला येतील तसे मांडायला सांगा. कोणते काळे, कोणते पांढरे, हे तिच्या मर्जीवर. मग "जरा अवघड करू या" असे म्हणून आपण स्वतः उजवीकडे एक स्तंभ आणि खाली एक ओळ वाढवायची. ही मांडताना मनात एकच नियम ठेवायचा : प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात काळ्यांची संख्या सम झाली पाहिजे. आता पाठ फिरवा आणि कोणालाही एक चौकोन उलटा करायला सांगा. वळून पाहिले की ज्या ओळीत काळे विषम झाले ती ओळ आणि ज्या स्तंभात विषम झाले तो स्तंभ, यांच्या छेदावरचा चौकोन उलटलेला. मुले थक्क होतात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करायला लावतात, आणि मग एखादा मागच्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणतो, "सर, तुम्ही मोजताय."

तारेतून किंवा हवेतून येणारा संदेश एक आणि शून्यांचा असतो. वाटेत एखादा एक शून्य झाला, तर तो झाला हे कळावे कसे, आणि परत न मागवता दुरुस्त करावा कसा, या प्रश्नाचे हे सगळ्यांत सोपे उत्तर. थोडा जास्तीचा मजकूर जोडायचा, तो फुकट जात नाही.

पुढचे प्रश्न मुलांना घाला. कोपऱ्यातला छत्तिसावा चौकोन ओळीच्या हिशेबाने मांडायचा की स्तंभाच्या? दोन्ही हिशेब नेहमी जुळतातच, असे का? (मूळच्या २५ मध्ये काळे सम की विषम, यावरच दोन्ही ठरतात, हे काही मुले शोधून काढतात.) एकाच ओळीतले दोन चौकोन उलटले तर? ओळ समच राहते, दोन स्तंभ विषम होतात. चूक झाली हे कळते, पण कोणत्या ओळीत ते कळत नाही. येथे नववीच्या वर्गात चाललेला वाद मी मुद्दाम थांबवला नाही. पुढची तासिका इंग्रजीची होती, बाईंनी समजून घेतले.

असे पाच-सहा खेळ वर्षभराला पुरतात. पण यावरून संगणक नसला तरी चालते, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. पोहण्याची पुस्तके वाचून कोणी पोहत नाही. एमएचटी-सीईटीसारखी प्रवेशपरीक्षा २०१९ पासून संगणकावर होते. आमच्या शाळेतून बारावीपर्यंत पोचलेली एक मुलगी अशा परीक्षेला गेली. गणित तिला चांगले येत होते. परत येऊन म्हणाली, "उत्तर माहीत होतं सर, पण तो बाण त्या गोलावर जाऊन थांबेचना." तिने माउस त्याआधी किती मिनिटे धरला होता, याचा हिशेब वर आला आहेच.

मोबाइलमुळे हा प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटते. 'असर' २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येत असल्याचे सांगितले. ते खरेच आहे. पण आमची मुले फोनवर चित्रफीत शोधतात ती बोलून. फाइल कुठे साठवली, तिला नाव काय दिले, ती दुसऱ्या संगणकावर कशी न्यायची, हे विचारले की गोंधळतात. फोनने ते सगळे त्यांच्यापासून लपवलेले असते.

काय शिकवायचे, हे मी थोडक्यात सांगतो, कारण याच्या लांबलचक याद्या सर्वत्र मिळतात. आठवीच्या अखेरीस मुलाला स्वतः एक पानभर मराठी मजकूर लिहून, नाव देऊन साठवता आणि परत उघडता यावा. नववीच्या अखेरीस कोष्टकात आकडे भरून सरासरी व आलेख काढता यावा, आणि स्क्रॅचसारख्या ठोकळ्यांच्या भाषेत एक छोटा खेळ रचता यावा. एवढेच. आकडे खरे असावेत, म्हणजे शाळेच्या पर्जन्यमापकातले किंवा शालेय पोषण आहाराच्या नोंदीतले. पिढ्या पाठ करण्याचा भाग मी सरळ गाळतो.

मराठी लेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलकच शिकवावा असे माझे मत आहे. १९९१ च्या भारतीय मानकात तो समाविष्ट झाला आणि आजही बहुतेक सर्व प्रणालींत असतो. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि क व ख एकाच कळीवर, अशी त्याची रचना वर्णमालेच्या धर्तीवर आहे. मुले ती आठवड्याभरात पकडतात. पुठ्ठ्यावर कळफलक काढून घरी सराव करता येतो. येथे मात्र फळ्यावरचे चित्र खरोखर उपयोगी पडते.

किल्ली कोणाकडे?

सकाळचा तो तास कोण घेणार? सगळी योजना येथे अडते. संगणकाचा शिक्षक मिळेपर्यंत थांबायचे ठरवले तर थांबतच राहू. केरळमध्ये २००१ साली सुरू झालेल्या 'आयटी अॅट स्कूल' उपक्रमात शाळेतल्याच निरनिराळ्या विषयांच्या शिक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांतल्या एकाकडे समन्वयाचे काम दिले गेले, आणि मुक्त प्रणालींवर भर दिला गेला. पुढे २०१८ मध्ये तेथे 'लिटल काइट्स' या नावाने विद्यार्थ्यांची मंडळे उभी राहिली. केरळ सरकारने त्यामागे जी यंत्रणा उभी केली ती एका शाळेला उभी करता येणार नाही. पण विद्यार्थ्यांचे मंडळ करता येते.

आम्ही नववीतली बारा मुले निवडली, सहा मुली आणि सहा मुलगे. गुणांवरून नव्हे, लवकर येऊ शकतील अशी. एस.टी.ने येणारी मुले आपोआप गळतात. त्यांच्यासाठी एक दिवस संध्याकाळी, शेवटच्या गाडीपूर्वी, असे करावे लागले. शिक्षकांपैकी एक जण आळीपाळीने तिथे असतोच. गणिताच्या, भूगोलाच्या, अगदी खेळाच्या सरांनीही पाळी घेतली. त्याला संगणक येण्याची गरज नाही, हजर असण्याची आहे. किल्ली घेताना आणि देताना वहीत सही. कोणती वस्तू मोडली तर मुलांकडून भरपाई घ्यायची नाही, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घेतले. त्या एका ओळीसाठी मला तीन आठवडे लागले. पण ती नसती तर कोणत्याही शिक्षकाने पाळी घेतली नसती.

दुसरी अडचण पहिल्याच आठवड्यात दिसली. मुलगा आणि मुलगी एका संगणकावर बसले की माउस मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात. कोणी सांगत नाही, आपोआप होते. रागावून उपयोग झाला नाही. मग आम्ही दर दहा मिनिटांनी शाळेचीच पितळी घंटा वाजवायला सुरुवात केली. घंटा झाली की 'हात' आणि 'डोळे' यांनी जागा बदलायच्या. 'डोळ्यां'नी माउसला शिवायचे नाही, 'हातां'नी 'डोळे' सांगतील तेच करायचे. शेवटी वहीत कोणाचे हात किती मिनिटे चालले ते लिहायचे. दोन महिन्यांनी वह्या तपासल्या तेव्हा मुलींचा वेळ मुलांच्या बरोबरीला चार-पाच मिनिटे कमी इतका आला होता. ती चार-पाच मिनिटे कुठे जातात, हे शोधायला त्याच बारा जणांना सांगितले. उत्तर असे आले, की सकाळी खोली झाडायचे काम मुली न सांगताच करत होत्या.

तेव्हापासून झाडण्याच्या पाळ्याही त्याच वहीत लिहिल्या जातात.